१६४२चं चित्र

रविवार, बसवनगुडी

ॲमस्टरडॅमहून परतले तरी तिथल्या राइक्सम्युझियममधलं रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ डोळ्यांपुढून हलत नाही. साडेचार मीटर रुंद कॅनव्हास, तोही कापलेला. १७१५मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून चारही कडा छाटल्या, डावी सर्वांत जास्त. वाचतानाही जीव कळवळतो. कप्तानाच्या पुढे केलेल्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडलीय. मी बराच वेळ ती सावलीच पाहत उभी होते.

चित्र १६४२चं. तेव्हा आमच्या या बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे होती. जिजाऊ आणि बाल शिवबाही त्याच सुमारास काही काळ इथे राहून गेले. आणि शिवरायांचं एक जुनं चित्र त्याच राइक्सम्युझियमच्या संग्रहात आहे! १६८६च्या सुमारास गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांचा तो संच पुढे ॲमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्याकडे गेला. कागदावरच्या चित्रांना उजेड सोसत नाही, त्यामुळे ती कायम भिंतीवर टांगलेली नसतात. मला ते पाहायला मिळालं नाही, याची हुरहुर आहे.

रेम्ब्रांट कधी परदेशी गेला नाही. तरी १६५६नंतर त्याने मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली; त्यांत शहाजहानही आहे. एवढा मोठा चित्रकार, पन्नाशीला टेकलेला, आणि आपल्याकडच्या अनाम कलावंतांच्या रेषा गिरवत बसलेला! मला त्याचं हे शिकणं ‘नाइट वॉच’इतकंच मोठं वाटतं.

पुढच्या खेपेला संग्रहालयाला आधी पत्र लिहायचं, विट्सेनचा संच पाहायची परवानगी मागायची.