ओसरीवरचे वाय-फाय

आमच्या यवतमाळात पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा आमच्या विहिरीवर सगळ्या गल्लीच्या बादल्यांची रांग लागे. पुढे घरात इंटरनेट आले, तेव्हा मी त्यालाही तोच न्याय लावला. शेजारच्या वहिनींनी विचारले, "सर, तुमच्या वाय-फायचा पासवर्ड सांगता का जी?" मी चिटोऱ्यावर लिहून दिला. तो चिटोरा किती हातांतून फिरला, हे मला पुतणीमुळे कळले.

ती पुण्याच्या एका कंपनीत कामाला. २०२० च्या टाळेबंदीत संगणक घेऊन आमच्याकडे आली आणि राहिली. त्याच नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या उद्योगांवरचे नियम सैल केले, तेव्हा घरून काम करण्याची वाट आणखी मोकळी झाली.

एके संध्याकाळी ती म्हणाली, "काका, आपल्या घरात सतरा जण आहेत."

"अगं, आपण तिघेच!"

तिने यादीच दाखवली. राउटरवर सतरा फोन आणि संगणक! एका वाय-फायवरची यंत्रे म्हणे एका छपराखाली नांदतात; एकाला लागण झाली की ते दुसऱ्याचे दार ठोठावते. "ऑफिसपर्यंत व्हीपीएनचा बोगदा आहे, त्यातले कोणाला वाचता येत नाही. पण बोगद्याचे तोंड आपल्याच घरात उघडते ना?" राउटरची स्वतःची किल्लीही कारखान्यातून आली तशीच होती: 'अ‍ॅडमिन'. उत्तरपत्रिका कुलपात ठेवणारा मी!

त्या रात्री तिने दोन्ही किल्ल्या बदलल्या.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनींचा मुलगा फाटकाशी फोन घेऊन उभा. परीक्षेच्या अर्जाची ती शेवटची तारीख. तो काही मागेना, नुसता फोनकडे बघत राहिला. दुष्काळात हाच पोरगा माझ्या आईसाठी घागर वर आणून देई. मला त्याच्याकडे पाहवेना.

"काका, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढता येते," पुतणी म्हणाली. "इंटरनेट मिळते, पण आतली यंत्रे दिसत नाहीत."

म्हणजे ओसरी! आमच्या दारव्ह्याच्या जुन्या घरी आल्यागेल्याला ओसरीवर पाणी मिळे, पान मिळे. माजघराचा उंबरठा कोणी ओलांडत नसे आणि त्याचे वाईटही कोणाला वाटत नसे. एवढे सोपे होते, तर आदल्या रात्रीच का नाही केले, असे मी विचारणार होतो. पण चिटोरा माझाच होता.

२०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ नावाचे नवे कुलूप आमच्या जुन्या राउटरला बसेना. मग त्याच्या आधीचेच ठेवून पासवर्ड लांबलचक करायचे ठरले, आणि या घरात प्रथमच मराठीच्या प्राध्यापकाची गरज पडली. ओसरीवर बसून कोणी उपद्व्याप केला, तर बोट माझ्याकडेच येणार. म्हणून या खेपेस चिटोरा नाही. मुलाच्या फोनमध्ये पासवर्ड मी स्वतः घातला.

अर्ज पावणेबाराला गेला. सकाळी वहिनी चकल्यांचा डबा घेऊन आल्या. "सर, पोराचं काम झालं. पण तुमचा तो शब्द लई लांब आहे म्हणते. थोडा लहान नाही का करता येत जी?"