न आलेल्यांची यादी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी बाकं भरतात, काही जण पायरीवर बसतात आणि येणारा-जाणारा म्हणतो, 'मॅडमचा दवाखाना जोरात चालतो.' गर्दीवरून मला तसं काही कळत नाही. बाकावरच्या माणसाला काहीतरी होतंय, ते त्याला कळलंय आणि म्हणून तो आलाय. ज्यांना काहीच होत नाही असं वाटतं, ते येत नाहीत, आणि माझं निम्मं काम त्यांच्याचपाशी असतं. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक वेगळी वही आहे. नाव, गाव, फोन, कशासाठी यायचं, कधी यायचं आणि आले का, एवढेच रकाने. रोज संध्याकाळी सिस्टर त्यातली न आलेल्यांची नावं वेगळी काढतात. दवाखाना कसा चाललाय, हे मी त्या यादीवरून ठरवते.

बीपी आणि शुगर हे दुखत नसलेले आजार. १४०/९० च्या वर गेलेलं बीपी वर्षानुवर्षं मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतं आणि माणूस मात्र शेतात राबत असतो. गोळी सुरू केली की आकडा खाली येतो. मग पेशंट म्हणतो, 'नॉर्मल आलं, म्हणून बंद केली.' गोळीमुळे नॉर्मल आलेलं बीपी गोळी थांबली की पुन्हा वर जातं, आणि तेही काही जाणवू न देता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासाने देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी आणि उच्च रक्तदाबाचे ३१.५ कोटी लोक असल्याचा अंदाज दिला. इतक्या लोकांनी त्रास झाल्यावरच डॉक्टरकडे जायचं ठरवलं, तर त्यातल्या पुष्कळांचा पहिला त्रास पक्षाघाताचाच असेल. म्हणून पेशंटला वेळेवर परत बोलावणं हा उपचाराचाच भाग आहे, गोळीइतकाच.

हे मी शोधून काढलेलं नाही. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळशाच्या खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्या वाट्याला चांगली वैद्यकीय सेवा सगळ्यात कमी येते, हा त्यांचा १९७१ मधला 'लॅन्सेट'मधला लेख जगभर गाजला. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. कोण आजारी पडून येतो याची वाट न बघता त्यांनी आपल्या यादीतल्या गावकऱ्यांचं बीपी मोजायचं ठरवलं आणि जे आले नाहीत त्यांचा पिच्छा पुरवला. आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही हेच सूत्र आहे: साधी ठरलेली औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि चुकलेल्या पेशंटला आठवण.

आठवण करून देणं वाटतं तितकं सोपं नाही. आमच्याकडे तारखेपेक्षा बाजाराचा वार लक्षात राहतो, म्हणून चिठ्ठीवर आम्ही '१४ तारीख' लिहीत नाही, 'पोळ्यानंतरचा दुसरा बाजार' असं लिहितो. मेसेज अनेकांना वाचता येत नाही. सिस्टरच्या आवाजातला व्हॉट्सॲप निरोप ऐकला जातो. सगळ्यात नाजूक प्रश्न फोन कुणाचा, हा. बाईचा म्हणून दिलेला नंबर नवऱ्याचा असतो, म्हाताऱ्याचा नंबर पुण्यातल्या मुलाचा. त्यामुळे फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, तपासणी कसली तेही सांगायचं नाही. 'मावशी, दवाखान्यातून बोलतेय. सोमवारी बाजाराला याल तेव्हा आमच्याकडे येऊन जा,' एवढंच. कुणाच्या फोनवर निरोप ठेवलेला चालेल, हे आधीच पेशंटला विचारून वहीत लिहायचं. आणि आलेल्या माणसाला 'इतके दिवस कुठे होता?' असं कुणीही दरडावायचं नाही. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

बोलावलेल्या माणसाचं बीपी नीट मोजणं ही पुढची जबाबदारी. उन्हातून चालत आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या किंवा तंबाखूचा बार भरलेल्या माणसाला लगेच पट्टा लावला तर आकडा फसवतो. आधी लघवीला जाऊन यायला सांगायचं. मग पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या पातळीवर आणि तोंड बंद. गप्पा मारतानाही बीपी वाढतं. मग एकदा, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. एवढी पाच-सात मिनिटं दिली, तर कित्येकांची नको असलेली गोळी वाचते.

या भागात आठवणींचं कॅलेंडर कामाच्या आणि सणांच्या हिशेबाने लावावं लागतं. आषाढी वारीआधी शुगरच्या पेशंटना गोळ्यांचा पुरेसा साठा आणि पायातलं धड पायताण, दोन्ही बघून पाठवायचं. नवरात्राआधी उपवास धरणाऱ्यांना बोलवायचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना दिवसभर पोटात काही गेलं नाही, तर शुगर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. डोस कसा बदलायचा, हे घटस्थापनेच्या आधी ठरलेलं असलं की उपवासही होतो आणि जीवही सांभाळला जातो.

पण आमचा खरा हंगाम दसरा-दिवाळीचा. मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या ऊसतोडीला निघतात. ट्रकवर, ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. या लोकांना डिसेंबरात फोन करून काय उपयोग? म्हणून वहीतली त्यांची पानं आम्ही भाद्रपदातच उघडतो. सोबत न्यायच्या गोळ्या, मराठीत लिहिलेला औषधांचा कागद, लहान मुलांचं लसीकरणाचं कार्ड. ते कार्ड दाखवून कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात पुढचा डोस मिळतो आणि एखादा डोस राहिला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे आयांना निक्षून सांगावं लागतं. इन्सुलिन घेणाऱ्याला कोपीत फ्रिज कुठला मिळणार? मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरडी राहील अशी बाटली, वर झाकण, आणि सगळं सावलीत.

निघण्यापूर्वी शुगरच्या प्रत्येक पेशंटचे पाय बघतो. नायलॉनचा एक तंतू असतो, दहा ग्रॅमचा जोर पडला की वाकणारा. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं आणि तो अंगठ्याला, चवड्याला टेकवून विचारायचं, 'आता लागलं?' काही जण शांतपणे म्हणतात, 'अजून लावलंच नाही की तुम्ही.' तंतू तेव्हा वाकलेला असतो. अशा पायाने पाचटाखालच्या उसाच्या बुडख्यावर पाऊल पडलं, तर जखम झाल्याचंही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बोट किंवा पाऊल वाचवणं अवघड झालेलं असतं. त्याला बंद बूट आणि रोज रात्री तळपाय तपासायची सवय, हे दोन्ही घेऊनच जायला सांगतो. जोडीदारालाही समोर बसवून दाखवतो, कारण स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही.

कुत्रा चावल्याचं वेळापत्रकही वहीत असतं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, आणि दंडातल्या लसीचे डोस शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी घ्यायचे. तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत जखम भरते आणि माणूस यायचा थांबतो. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर हाती काही उरत नाही, म्हणून हा फोन आम्ही एकदाही पुढे ढकलत नाही.

आता बायकांच्या तपासणीबद्दल. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जगभर दखल घेतला गेलेला अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावगट. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या टप्प्यातला कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणले. तिशीनंतर पाच ते दहा वर्षांतून एकदा तपासणी, एवढ्यावर जीव वाचतो. हे ज्ञान आपल्याच मातीतल्या बायकांनी जगाला दिलं, आणि त्यांच्याच लेकी-सुनांपर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

त्याऐवजी त्यांच्यापर्यंत भीती पोचली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर 'पुढे कॅन्सर होईल' असं सांगून कित्येक ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या या बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. अनेक जणी तेव्हा ऐन उमेदीच्या वयात होत्या. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. पांढरं जाण्याचं कारण बहुतेकदा साधा संसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. प्रतिबंधाच्या नावाखाली भीती विकणं हा आमच्या व्यवसायाला लागलेला डाग आहे.

म्हणून कुणाला कशासाठी बोलवायचं, याला कसोटी हवी. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी ती लिहून ठेवली आहे: आजार महत्त्वाचा हवा, लवकर ओळखता येणारा हवा, चाचणी लोकांना मानवणारी हवी आणि आजार सापडल्यावर उपचार हाताशी हवा. या चाळणीतून बीपी, शुगर, तंबाखू खाणाऱ्याचं तोंड तपासणं, गर्भाशयमुखाची तपासणी हे सगळं पार पडतं. सणासुदीला सवलतीत मिळणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजमधलं बरंचसं पडत नाही. ज्या फोनमुळे पेशंटपेक्षा बोलावणाऱ्याचंच भलं होतं, त्याला आठवण म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात.

वाचकांपैकी अनेक जण दिवाळीला गावी जातील. आई-वडिलांच्या औषधांचा डबा उघडून बघा. गेल्या महिन्यात संपायला हवी होती ती पट्टी अजून भरलेली आहे का? पुढच्या तपासणीचा दिवस त्यांना माहीत आहे का? त्यांना विचारून तुमचा नंबर त्यांच्या डॉक्टरकडे द्या. आणि त्या डॉक्टरला, तुमच्या शहरातल्या डॉक्टरलाही, एक प्रश्न जरूर विचारा: 'मी आलो नाही, तर तुम्हाला कळेल का?' या प्रश्नाला 'हो' म्हणता येईल अशी व्यवस्था ठेवणं हे आमचं कर्तव्य आहे. त्याला मोठं हॉस्पिटल लागत नाही. एक वही, एक फोन आणि रोज संध्याकाळी ती वही उघडणारा माणूस असला की ते होतं. पेशंटनी हे मागायला सुरुवात केली, की आम्हाला ते द्यावंच लागेल.