उपयोग काय?

हैदराबादेत मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांस बाहेरचे लोक जो प्रश्न विचारतात, तोच प्रश्न आमचे विद्यार्थी गणितास विचारतात : 'याचा उपयोग काय?' मी कलाशाखेचा पदवीधर. घरी कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. तेव्हा हा प्रश्न माझ्या चांगल्याच परिचयाचा आहे. त्याचे उत्तर मला एका संख्येच्या चरित्रात सापडले. ती संख्या २१४७४८३६४७.

एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, की ही संख्या मिळते. १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या होय. परंतु हे ठरवावे कसे? साध्या रीतीने ४६३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल, आणि त्या साडेचार हजारांहून अधिक आहेत. ऑयलरने आधी विचार केला. या संख्येस विभाजक असलाच, तर त्यास २४८ ने भागता बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्याने ओळखले. मग तपासावयाच्या मूळ संख्या शंभरही उरल्या नाहीत. १७७२ साली त्याने हा निर्णय कळविला, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती!

या संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते. १८११ मध्ये इंग्लंडच्या बार्लोने लिहिले, की तिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही. कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. पण कुतूहल थांबले नाही. १८७६ साली ल्यूकाने ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. २०२४ साली सापडलेली मूळ संख्या तर ४,१०,२४,३२० अंकी आहे. आपल्या हैदराबादेत २०१० साली गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तीही काही बाजारभाव ठरविण्यासाठी नव्हे.

आणि उपयोग? तोही आला. १ पासून आरंभ करावा, दर वेळी १६८०७ ने गुणावे आणि २१४७४८३६४७ ने भागून केवळ बाकी ठेवावी. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावाचून कोणतीही पुन्हा येत नाही, आणि त्यांच्या क्रमात काही नियम आहे असे सहसा वाटत नाही. भाजक मूळ नसता, तर फेरी अशी पूर्ण झाली नसती. १९६९ साली लुईस, गुडमन व मिलर यांनी संगणकावर यदृच्छ भासणाऱ्या संख्या मिळविण्यासाठी हीच रीत योजिली. ऑयलरच्या निर्णयास तेव्हा सुमारे दोनशे वर्षे झाली होती.

विद्यार्थिमित्रांनो, उपयोग विचारणे गैर नव्हे. पण तो आजच दिसला पाहिजे, हा हट्ट मात्र गैर आहे. संख्या असो वा भाषा, जे शिकाल ते ऑयलरसारखे शंकेस जागा न ठेवता शिका. उपयोग आपल्या पावलांनी, आपल्या वेळी येतो.