१ जूनचा ताड

लावणी झालेल्या खाचरात मध्येच दोन ताड उभे असावेत, तसा तो आलेख दिसत होता. खाली वर्षाचे सगळे दिवस आणि प्रत्येक दिवसावर त्या तारखेला जन्मलेल्या खातेदारांची एकेक बारीक काडी. काड्या साधारण एका उंचीच्या, वाऱ्यानं खालीवर झाल्यासारख्या. पण एक ताड १ जानेवारीवर आणि दुसरा, त्याहून उंच, १ जूनवर. हजार माणसं घेतली तर एका तारखेच्या वाट्याला जेमतेम तीन यावीत. इथे दोन तारखांना जत्रा भरलेली. नेमकी किती माणसं, ते सांगत नाही. आकडे बाहेर नेणार नाही असं पहिल्याच दिवशी लिहून दिलंय.

सरांनी खुर्चीमागून पाहिलं. “आउटलायर आहेत. काढून टाक.”

एका वित्तसंस्थेच्या खोपोलीतल्या ऑफिसात माझं ओजेटी चालू होतं. ऑन जॉब ट्रेनिंग, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आता ते करावंच लागतं. चार क्रेडिट, १२० तास. मैत्रिणींना वाटायचं, मी पायथनमध्ये काहीतरी जबरदस्त करतेय. मी करत होते ती सफाई. वाघमारे चार स्पेलिंगांनी लिहिलेत, ते एक करायचे. मोबाइलच्या रकान्यात शिरलेला पत्ता हाकलून द्यायचा. सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्यासारखं. फरक इतकाच, की आमची आजी खडे टाकते पण कणी वेगळी काढून ठेवते. कणीची पेज होते.

कंटाळा आला की खिडकी होती. खिडकीतून डोंगरावरून उतरणारे टाटांचे पाइप दिसायचे. १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी त्यातून खाली येतं, वीज करतं आणि मग पाताळगंगेत जातं. भर वैशाखात आमची नदी वाहते ती मुंबईला वीज लागते म्हणून. लहानपणी हे कुणी सांगितलं नव्हतं. नद्या आपल्या आपण वाहतात असंच वाटायचं.

तर ताड. १ जानेवारीचा मला फारसा आवडला नाही. वय नुसतं वर्षात सांगितलं की संगणक आपणहून पहिली तारीख टाकतो, असा तो उगवलेला. १ जूनचा मात्र माणसाच्या हातचा. शाळा जूनमध्ये उघडायची. दाखला कुणाकडेच नसायचा. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. मग सहा वर्षं मागे जाऊन १ जून. एका बाकावरच्या साऱ्या पोरांचा एकच वाढदिवस. पुढे ही पोरं सरकारी नोकरीला लागली. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच निवृत्त होतो, असा नियम. म्हणून ३१ मे आला की महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत शाली आणि नारळ कमी पडतात. खुर्च्या रिकाम्या होतात आणि फायली पावसाळाभर तशाच पडून राहतात. कोण्या गुरुजींनी कान धरायला लावला, त्याचा हा परिणाम.

माझे वडीलही त्याच ताडावर बसलेले. १ जून १९७२. संध्याकाळी घरी गेल्यावर आजीला विचारलं, “आजी, बाबा खरे कधी झाले गं?”

आजी लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, “साजगावच्या जत्रेत.”

“जत्रेत?”

“जत्रेत कशाला होईल? तुझा आजा जत्रेला गेलेला. सुके बोंबील आणायला. मी सांगितलेलं, आज नको जाऊ. गेला. इकडं हा झाला. रात्री आला तर डोक्यावर बोंबलाची जुडी आणि घरात पोर.”

साजगावची बोंबल्या विठोबाची जत्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते. एकादशीला विठोबा आणि सुक्या मासळीचा बाजार एकाच आवारात सुखानं नांदतात, ही आमच्या तालुक्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. खालापूर म्हटलं की बाहेरच्यांना टोलनाका आठवतो, त्याला काय करणार.

“साल कुठलं?”

“रेशनला लाल मिलो मिळायचा ते. भाकरी थापायला घेतली की तुटायची. तुझ्या आजाला ती आवडायची नाही. मला तरी कुठं आवडायची?” मग मिलोच्या भाकरीवरून ती आपल्या आईच्या नाचणीच्या भाकरीवर गेली, तिथून आईच्या उखळावर आणि उखळ कुणी पळवलं त्यावर. लसूण संपला तरी उखळ मिळालं नव्हतं.

मी मनात हिशेब मांडला. मिलो म्हणजे दुष्काळ, म्हणजे १९७२ बरोबर. कार्तिक म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबर खरा लिहिला असता तर १९७८ च्या जूनमध्ये बाबा सहाचे भरले नसते आणि वर्षभर घरीच राहिले असते. मास्तरांनी त्यांना पाच-साडेपाच महिने उसने दिले आणि वर्ष वाचवलं. ते उसने आता बाबांचा कारखाना वसूल करेल, बाबा तितकेच आधी घरी बसतील. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “बरंय की. लवकर सुटेन.”

दुसऱ्या दिवशी मी फाइलमध्ये एक रकाना वाढवला: ‘तारीख शाळेची’. १ जूनच्या ओळी काढल्या मात्र नाहीत. त्यानंतरच्या दिवशी रकाना गेलेला होता.

पत्त्यांचा रकाना याहून मजेचा. जुन्या खात्यांवर अजून ‘जि. कुलाबा’ होतं, १ जानेवारी १९८१ ला जिल्ह्याचं नाव रायगड झालं, ते या माणसांपर्यंत पोचलंच नव्हतं. ठाकूरवाड्या तर कितीतरी. सूत्र म्हणायचं, या सगळ्या एकच. एका खातेदाराचा तालुका कर्जत, पिन ४१०२०१ आणि जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. तिकडंही एक कर्जत आहे, त्याचा पिन ४१४४०२. यादीत ‘अ’ आधी येतो. घाईतल्या कुणीतरी पहिलं कर्जत निवडलं आणि भिवपुरीकडचा माणूस एका क्लिकमध्ये घाटावर जाऊन पडला. पिनमुळे सापडला. हा पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे बाबांच्याच वर्षी. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर अधिकारी तर होतेच, पण संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचे. वृत्तात अक्षरं बसवणाऱ्या माणसानं अख्खा देश सहा आकड्यांत बसवला, हे वाचल्यापासून मला पाकिटावरचा पिन नुसता नंबर वाटत नाही. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “हं. एकशेवीस तास भरले का तुझे?”

भरले होते. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझं आडनाव चुकलंय.

आता पुन्हा जून आला. खाचरांत राब भाजून झालेत, वीटभट्ट्यांवरची कातकऱ्यांची बिऱ्हाडं वाड्यांवर परतलीत. १ तारखेला सकाळी मी ओटीवर चहा घेत होते. बाबांचा फोन वाजला. मग शेजारच्या काकांचा. मग समोरच्या घरातला, त्याच्या पलीकडचा, दुकानातला. सगळ्या आळीत एकदम टिंगटिंग. बँकेकडून वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

आजी आतून ओरडली, “काय गं, लाइट जाणार आहे का आज?”