शेवटचे सात किलोमीटर

मॅरेथॉन ही फार लांब पल्ल्याची शर्यत आहे. तिचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. आपल्या वर्ध्याच्या हिशेबाने पाहू. वर्धा ते सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर, जाऊन-येऊन सोळा. अशा दोन फेऱ्या करून पुन्हा एकदा सेवाग्राम गाठले, की चाळीस होतात. तरीही दोन किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर उरतेच!

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावले. त्या वर्षी तर अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केले आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. पदक मिळाले नाही; पण आपल्या मुलखातील एक तरुण एवढ्या दूर जाऊन शेवटपर्यंत धावला, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला. आपणही एकदा हे अंतर धावून पाहावे, असे वाटू लागले.

मी पावसाळ्यात सराव सुरू केला. फजरच्या नमाजनंतर सेवाग्रामच्या रस्त्याने निघायचे, अर्ध्या वाटेवरून परतायचे आणि वेळेवर शाळेत हजर व्हायचे. रविवारी पूर्ण फेरी. डिसेंबरपर्यंत काही रविवारी दोन फेऱ्या, म्हणजे बत्तीस किलोमीटर होऊ लागले. अम्मी म्हणत, "बेटा, एस.टी. बंद पडली आहे का?"

त्याच सुमारास दहावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याला गणित जड जात होते. "सर, परीक्षा देऊन काय उपयोग? मी आता गॅरेजमध्ये कामाला जातो," तो म्हणाला. मी त्याला समजावले, "नऊ वर्षे चाललास, आता दोन-तीन महिने उरले. शेवटच्या टप्प्यात थांबू नकोस." त्याने शांतपणे विचारले, "सर, तुम्ही मुंबईत थांबणार नाही ना?" मी म्हणालो, "नाही थांबणार." झाले! आता माझे धावणे माझ्या एकट्याचे राहिले नाही.

जानेवारीतील रविवारी पहाटेच्या अंधारात मुंबईत शर्यत सुरू झाली. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, समुद्रावरचा सागरी सेतू असा रस्ता होता. तीस किलोमीटरपर्यंत सारे ठीक चालले. पुढे मात्र पाय शिशासारखे जड झाले. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो. फार वेळ धावल्यावर तो संपत येतो. मग शरीर जणू संप पुकारते आणि मनही त्याला सामील होते.

पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ समोर आला. ऊन चढले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. माझ्या शेजारचा एक धावपटू कठड्यावर बसला. मलाही बसावेसे वाटले. तेवढ्यात रस्त्याकडेच्या एका आजींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. आपल्या विदर्भाची ती ओळखीची चव! मी मनात हिशेब केला. उरले सात किलोमीटर. म्हणजे वर्ध्याहून सेवाग्रामसुद्धा नाही! एवढे तर मी रोजच धावत होतो.

मग मी सात किलोमीटरांचा विचार सोडला. फक्त पुढचा विजेचा खांब पाहायचा. दोन खांब धावायचे, एक खांब चालायचे. खांब मागे पडत गेले. चढ संपला. पुन्हा मरीन ड्राइव्ह आला. ५ तास २४ मिनिटांनी मी अंतिम रेषा ओलांडली. चौगुले तोपर्यंत चहा पिऊन घरी गेले असते!

मित्रांनो, उर्दूत आपण 'सब्र' म्हणतो, तीच मराठीतील 'सबुरी'. सबुरी म्हणजे नुसते वाट पाहत बसणे नव्हे. आरंभी दम राखून धावणे आणि अखेरीस दम संपला तरी पाऊल टाकत राहणे, ही खरी सबुरी. शेवटच्या टप्प्यात एकाएकी कोठून तरी बळ येत नाही. कोणी पाहत नसताना, पहाटेच्या थंडीत साठवलेले बळच तेथे उपयोगी पडते.

तो विद्यार्थी मार्चमध्ये परीक्षेला बसला. गणितात काठावर का होईना, उत्तीर्ण झाला. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला आणि हसत म्हणाला, "सर, मीही एकेक खांब मोजला."