सहा थाऊ

ते रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर होतं. वर चकचकीत नवी पिस्तुलं, मधे मूळ खोक्यासकट जपलेल्या हौशी लोकांच्या वस्तू, आणि खाली हे. नळीच्या तोंडाशी निळा-काळा रंग पार उडून उघडं पोलाद दिसत होतं. सिलिंडरच्या कडांचीही तीच गत. मुठीच्या अक्रोडी लाकडाला खालच्या कोपऱ्यात कुणी चावा घेतल्यासारखा खळगा. चिठ्ठीवर नाव ‘हायवे पेट्रोलमन’, किंमत ७०० डॉलर. डॅलसपासून तासाभरावरच्या एका लहान गावातलं दुकान. मी खरं तर मित्राला सोबत म्हणून गेलो होतो.

‘हायवे पेट्रोलमन’ म्हणजे काय, हे मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच पाय अडले. पॉइंट ३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ सालचं. तेव्हा गुंडांच्या मोटारींच्या पत्र्यातून आरपार जाईल असं काहीतरी अमेरिकन पोलिसांना हवं होतं. स्मिथ अँड वेसनने त्यासाठी काढलेलं पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणजे निव्वळ दागिना होता. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना त्यातलं पहिलं दिलं. पण आरशासारखी झिलई साध्या शिपायाच्या खिशाला परवडायची नाही. म्हणून १९५४मध्ये कंपनीने तोच सांगाडा, तीच नळी ठेवली, झिलईचा खर्च वाचवला आणि नाव दिलं हायवे पेट्रोलमन. १९५७पासून त्याला ‘मॉडेल २८’ म्हणू लागले. १९८६मध्ये ते बंद झालं. मॅग्नम म्हटलं की आपल्याकडचे लोक लगेच ‘डर्टी हॅरी’ म्हणतात. ते मॉडेल २९, पॉइंट ४४चं. माझं त्याचा कष्टकरी भाऊ.

दुकानदार सत्तरीच्या पुढचे. हातात देण्याआधी त्यांनी सिलिंडर बाजूला काढून सहाही घरं रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं. मीही पुन्हा पाहिलं. चौकटीच्या आत २८-२ असा ठसा होता आणि नंबर ‘एस’ने सुरू होत होता, म्हणजे साठच्या दशकातला माल.

मी अकरा वर्षं पिंपरीत मशीन शॉपला काढलीत. जुनी वस्तू दिसली की आधी प्ले तपासायचा, ही खोड जात नाही. त्या वेळचं फिलर गेज अजून माझ्या गाडीच्या खणात असतं. दुकानदारांना विचारलं, “मोजू का?” ते हसले. “मोजा. इथे कुणी विचारत नाही, नुसतं घोडा ओढून बघतात.”

सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीत सहा थाऊची, म्हणजे इंचाच्या सहा हजारांशाची, पट्टी गेली, सात थाऊची अडली. उत्तम. सिलिंडर पुढे-मागे हलवला, जेमतेम हालचाल. वरच्या पट्टीवर, नळीच्या मागच्या तोंडापाशी, ज्वाळेने पोलाद खाल्लेलं असतं तिथे नुसती एक बारीक रेघ. म्हणजे हे कुणीतरी वर्षानुवर्षं कमरेला बाळगलं होतं, उडवलं फारच थोडं. रंग गेला होता तो कातड्याच्या म्यानात घासून. बोटाने सिलिंडर हलकासा अडवून घोडा सावकाश ओढला, तर सहापैकी एक घर खटक्यात बसायला केसभर उशीर करत होतं. ते दाखवल्यावर दुकानदारांनी मुकाट्याने ५० डॉलर उतरवले. मला मात्र सगळ्यात आवडला तो चाप. लोण्यात सुरी जावी तसा. साठ वर्षांच्या वापराने असा होतो, अशी मी मनाशी खूणगाठ बांधून टाकली.

मग सरकारी फॉर्म ४४७३. जन्म कुठला, वंश कोणता, गुन्हा दाखल आहे का, गांजा ओढता का, ही वस्तू तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना. दुकानदारांनी माहिती एफबीआयच्या यंत्रणेकडे पाठवली आणि माझी कॉफी संपायच्या आत होकार आला. मला साताऱ्याकडचे आमचे आबा आठवले. त्यांच्याकडे परवान्याची बाराबोअर होती, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याला न्यायची, पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती टोपीत खोचून परत यायचं. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. आबा म्हणायचे, बंदूक माझ्यापेक्षा ठाण्यातच जास्त मुक्कामाला असते.

घरी हिने वस्तू पाहिली आणि म्हणाली, “जुनंच काही आणायचं होतं, तर पितळी बंब आणायचास.” मी कुलपाची लोखंडी पेटी आधीच आणलेली आहे हे पाहून ती आणखी चिडली. “म्हणजे ठरवूनच गेला होतास.” नव्हतो. पेटी परतीच्या वाटेवर घेतली. पण हे तिला अजून पटलेलं नाही.

पुढच्या शनिवारी उघड्यावरच्या रेंजवर गेलो. कानात बोळे, त्यावर मफ, डोळ्यांना चष्मा. सुरुवात पॉइंट ३८ स्पेशलने. ती काडतुसं या रिव्हॉल्व्हरला चालतात. मॅग्नमची पुंगळी तीन-साडेतीन मिलिमीटर लांब असते ती मुद्दामच, म्हणजे ती चुकून जुन्या ३८मध्ये शिरू नये. पंधरा यार्डांवर कागद. पहिले चार बार सुंदर. सव्वा किलोला थोडं कमी वजन असल्यामुळे हात हललाच नाही म्हटलं तरी चालेल. पाचव्याला नुसतं टक्. सहाव्याला पुन्हा टक्.

अशा वेळी नळी समोरच ठेवून मनात तीस आकडे मोजायचे. दारू कधी कधी उशिरा पेटते. मोजले. काही नाही. काडतुसं बाहेर काढली तर दोन्हींच्या प्राइमरवर टोचणीचा खळगा होता, पण उथळ, नखाने दाबल्यासारखा. दुसऱ्या फेरीत तीन फुसकी. साडेसहाशे डॉलर डोळ्यांपुढे नाचायला लागले.

शेजारच्या टेबलावर बेसबॉलची टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी उथळ खळगे पाहिले आणि स्क्रूड्रायव्हर पुढे केला. “मूठ उघड. पुढच्या बाजूला खाली एक स्क्रू असेल.” होता. घोड्यामागच्या पट्टीच्या स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू, जवळजवळ दोन आटे सैल. आधीच्या कुणा मालकाने चाप हलका करण्यासाठी तो ढिला केला होता. आजोबा म्हणाले, “चाप फार गोड वाटला असेल ना तुला?” मी मान हलवली. गेज घेऊन फटी मोजणाऱ्या इंजिनिअरला स्प्रिंगचा ताण तपासायचं सुचलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मूठ उघडलेलीच होती म्हणून लाकूड उलटं करून पाहिलं. उजव्या फळीच्या आत पुसट आकडे छापलेले. पोलादावरच्या नंबराशी एकेक अंक ताडून पाहिला, जुळला. म्हणजे चावा पडलेलं ते लाकूड कारखान्यातून याच्याच अंगावर बसून आलं होतं. खळगा कशाचा, गाडीच्या दाराचा की एखाद्या काउंटरच्या कडेचा, कोण जाणे.

स्क्रू घट्ट बसवला. चाप आता जड, सरळ, लोणीबिणी काही नाही. दहा ग्रॅमची तीच गोळी, पण ३८मधून ती सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास निघते आणि मॅग्नममधून साडेतीनशेच्या पुढे. हे आकडे वाचून कळत नाहीत. मॅग्नमच्या पहिल्या बाराला तळहातात कुणी फळी मारल्यासारखं झालं, नळीतून संत्र्याएवढा जाळ आला आणि आवाज कानांपेक्षा छातीत जास्त लागला. सहाही उडाले. चार कागदाच्या मध्याजवळ, एक डावीकडे, आणि एक कुठे गेला ते आजोबांनी दुर्बिणीतून शोधलं पण सांगितलं नाही. तेवढ्यावर डबा बंद केला. एक तर मॅग्नमची पन्नास काडतुसं ४० डॉलरना पडतात, आणि अंगठ्याजवळची कातडी सोलली होती.

घरी येऊन सहाही घरं ब्रशने घासली. ३८ वापरलं की आत काजळीचं कडं धरतं आणि मग मॅग्नमची लांब पुंगळी अडकते. दोन तास गेले. स्वयंपाकघरापर्यंत तेलाचा वास गेला म्हणून बोलणीही खाल्ली.

खंडेनवमीला आम्ही इथेही हत्यारांची पूजा करतो. पाटावर पाना, पक्कड, हिची सुरी, मुलीचा लॅपटॉप. मी भीत भीत पेटीच्या किल्लीला हात घातला. “ते नको,” ही म्हणाली, “ते आहे तिथेच कुलपात राहू दे.” मग हळदीकुंकू हातात घेऊन पाटावर पाहिलं आणि विचारलं, “तुझं ते पट्ट्यांचं काय असतं, ते कुठाय?” मी गाडीच्या खणातून फिलर गेज आणून ठेवलं. सहा थाऊच्या पट्टीवर अजून कुंकवाचा डाग आहे.