विक्रोळीच्या खाडींतले पाहुणे

विक्रोळीस तीस-तीस वर्षें राहूनहि जवळची खाडी न पाहिलेलीं घरें पुष्कळ सांपडतील. गेल्या माघापर्यंत आमचेंहि त्यांतलेंच होतें. कन्नमवारनगरापलीकडे चिखल, डांस आणि तिवरांचें रान, एवढीच तिची ओळख. त्याच चिखलावर दर हिवाळ्यांत कच्छकडून हजारों रोहित पक्षी उतरतात, हें धाकट्या पुतणीनें शाळेंतून येऊन सांगितलें, तेव्हां आम्हां वडीलधाऱ्यांस लाज वाटली.

मुलुंडकडून पूल ओलांडला कीं ऐरोलीस वनखात्याच्या कांदळवन कक्षाचें केंद्र लागतें. नावा तेथून सुटतात. डबे भरण्यांत आमचा वेळ मोडला आणि पोंचलों तों नाव निघून गेलेली. आमचे वडील बंधु रागावले, "अर्धा तास थांबलां असतां तर काय बिघडलें असतें?" धक्क्यावरचा तरुण नम्रपणें म्हणाला, "काका, आम्ही थांबूं. पाणी थांबत नाहीं."

त्या उत्तरांत तेथील सारा कारभार आला. भरतीवांचून नाव तरंगत नाहीं, आणि ओहोटीनें चिखल उघडा पडल्यावांचून रोहितांस शेवाळ मिळत नाहीं. त्या शेवाळानेंच त्यांचीं पिसें गुलाबी होतात. ह्या दोहोंमधला वेळ तेवढा प्रेक्षकांचा.

घरीं आल्यावर आजीनें पंचांग काढलें. पौर्णिमा-अमावास्येस मुंबईस दुपारीं बाराच्या सुमारास भरती. पुढें दर तिथीस सुमारें पाऊण तास उशीर. वद्य पंचमीस आम्ही डब्यांवांचून, वेळेपूर्वीं हजर झालों. तिवरांच्या दाटींतून नाव पुढें गेली आणि दूर एक गुलाबी रेघ दिसूं लागली. मुलांनीं "आणखी जवळ" म्हणून हट्ट धरला. नावाड्यानें यंत्र बंद केलें. "थवा उडाला तर त्यांचें जेवण मोडतें," एवढेंच तो म्हणाला. भरल्या पानावरून कोणास उठवूं नये, हें ज्या घरांत शिकवितात तेथें अधिक काय सांगावें?

कांदळवन कक्ष २०१२ सालचा. २०१५ त खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटर भाग रोहितांचें अभयारण्य झाला. २०२२ त जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत त्याचें नांव आलें. परंतु पाण्यावरचा नियम आकाशांत चालत नाहीं. मे २०२४ मध्यें घाटकोपरवर विमानाच्या धडकेनें ३९ रोहित मेले. म्हणूनच जेथें त्यांस निर्धास्तपणें जेवतां येतें, तेवढी जागा तरी आपण राखली पाहिजे.

हल्लीं आमच्या पंचांगाच्या समासांत एकादशीशेजारीं भरतीचीहि वेळ लिहिलेली असते. जाणाऱ्या मंडळींनीं डबा घरीं ठेवावा आणि तिथि पाहून निघावें.